‘फोटो काढा’ नावाचं बटण

माझी मैत्रीण आणि मी मिळून वेबसाइट बनवतो. आमचं ऑफिस पुण्याजवळ माणमध्ये, एका तीनमजली घराच्या पहिल्या मजल्यावर आहे. तळमजल्यावर घरमालकीण काकू राहतात, आमच्या डोक्यावर आणि मागच्या चाळीत त्यांचे भाडेकरू. पूर्वी इथे त्यांची भाताची खाचरं होती. आता खिडकीतून आयटी पार्कच्या काचा दिसतात. त्याच काचांच्या आत आम्ही दोघींनी काही वर्षं नोकरी केली आणि मग एकदमच सोडली. मैत्रीण पुण्याची. तिच्या घरच्यांनी बरेच दिवस ‘का सोडली’ म्हणून तिला सतावलं. माझी आई परभणीला एकटी राहते. तिने फक्त विचारलं, “मग जेवणाचं काय करायलीस?” तिच्या समजुतीप्रमाणे कंपनीच्या कँटीनमुळेच मी जिवंत होते.

आमच्या धंद्यात एक जुना वाद आहे आणि तो आमच्या ऑफिसात रोज चहाबरोबर व्हायचा. वेबसाइट बनवून दिली म्हणजे काम संपत नाही. गिऱ्हाइकाला सारखं काहीतरी बदलायचं असतं, नवा फोटो टाकायचा असतो, भाव वाढवायचे असतात. त्यासाठी वेबसाइटला मागच्या बाजूने एक व्यवस्था लागते. गिऱ्हाइकाने आपला पासवर्ड टाकून आत यायचं आणि हवं ते बदलायचं. अशा व्यवस्था जगभरात तयार मिळतात, काही तर फुकट मिळतात. नाहीतर आपली आपण लिहायची. आम्ही आपली लिहिली. आम्ही म्हणजे मी लिहिली. तयार मिळणाऱ्या व्यवस्थेला आम्ही ‘बाहेरचं’ म्हणायचो आणि माझ्या व्यवस्थेला ‘घरचं’. जेवणाबद्दल बोलतात तसंच.

घरचं लिहायला कारण झाल्या काकू. जागा बघायला आलो तेव्हा त्यांनी आम्हाला उंबऱ्यातच अडवून काय काम करता ते विचारलं होतं. सांगितल्यावर म्हणाल्या, “मंग माज्या खोल्यांची करा की वेबसाइट. एजंटाची कटकट तरी जाईल.” काकूंच्या खोल्या तोवर एजंट भरायचे आणि मुलगे हिशेब बघायचे. काकूंना यातलं काहीतरी आपल्या हातात हवं होतं. मुलगे हसले, काकू हसल्या नाहीत. तेव्हा त्या आमच्या पहिल्या गिऱ्हाईक झाल्या.

सुरुवातीला त्यांना बाहेरचंच दिलं होतं. त्याला मराठी येत होतं, पण कसलं मराठी! अर्धे शब्द इंग्रजीच राहिलेले आणि उरलेले अर्धे कुणीतरी शब्दकोश उघडून बसवलेले. काकू मोबाइल घेऊन जिना चढून यायच्या आणि विचारायच्या, “आता ह्यात कुटं दाबू?” मला त्यांचा कधी राग आला नाही, त्या मराठीचा यायचा. शेवटी एकदा मी मैत्रिणीला म्हटलं, “मीच लिहिते.” ती म्हणाली, “अगं, मोठमोठ्या कंपन्यासुद्धा हे स्वतः लिहीत नाहीत.” मला एकदा एखादी गोष्ट करू नकोस म्हटलं की मग ती केल्याशिवाय माझ्या अंगाला अन्न लागत नाही. तिला हे माहीत होतं, तरी म्हणाली.

ते लिहिण्याचे महिने फार सुखाचे गेले. नुसता प्रोग्राम लिहायचा नव्हता, एकेका बटणाला शब्द शोधायचा होता आणि तो काकूंवर तपासायचा होता. ‘पब्लिश’ला मी आधी ‘प्रसिद्ध करा’ ठेवलं. काकू म्हणाल्या, “आमाला कशाला प्रसिद्ध व्हायचंय? खोली जाऊ द्या म्हंजे झालं.” मग ‘लावा’ केलं, पाटी लावतात तसं. ते त्यांना तत्काळ पटलं. ‘मथळा’ काढून ‘वरचं नाव’ केलं. जे अजून लोकांना दिसत नाही त्याला ‘अजून लावलं नाही’ असंच लिहिलं. आणि एखादा फोटो नको असेल तर त्याच्याखाली बटण ठेवलं, ‘फोटो काढा’. हा शब्द इतका सरळ होता की तो काकूंना दाखवायची गरजच मला वाटली नाही.

काकूंचं बघून बाकीचे आले. धरणाच्या पाण्याकाठी तंबू भाड्याने देणारे एक जण आले, पौडच्या रस्त्याचं मंगल कार्यालय आलं, एक रोपवाटिका आली, लवळ्याला कॉलेजच्या मुलांची खानावळ चालवणाऱ्या एक बाई आल्या. लवासाला फ्लॅट घेऊन बसलेले एक निवृत्त गृहस्थ आले. त्यांना तिथल्या निवांतपणाची जाहिरात करायची होती आणि निवांतपणा त्यांच्याकडे भरपूर होता. ही सगळी मंडळी घरच्यावर. खानावळवाल्या बाई रोज सकाळी स्वतः भाजी बदलायच्या आणि ‘लावा’ दाबायच्या. मी कधीकधी ऑफिसात बसून त्यांची पाटी बदलायची वाट बघायचे. वांगं आलं की हसू यायचं, कारण त्यांच्याकडे वांगं फार यायचं.

अडचण एकच होती. काहीही बिघडलं तर फोन मला यायचा. “मॅडम, लावलं पण लागंना.” “ताई, भाव दोनदा दिसायलाय.” आणि मी ते चुटकीसरशी दुरुस्त करायचे, कारण कुठे काय ठेवलंय ते मला झोपेतही सांगता आलं असतं. मैत्रिणीला ते सांगता येत नव्हतं. ती गिऱ्हाइकं बघायची, रंगरूप करायची, बोलणी करायची. घरच्याच्या पोटात काय आहे ते मलाच माहीत. मला त्याचा अभिमान वाटायचा हे लपवत नाही. आपल्यावाचून कुठेतरी अडतंय ही भावना फार गोड असते. फोन वाजला की मी वैतागल्यासारखं करायचे आणि आतून खूश व्हायचे.

“उद्या तू आजारी पडलीस तर?” मैत्रीण विचारायची.

“मी पडत नाही.”

“बरं, आजारी नको पडूस. परभणीला तरी धड जाऊन येतेस का कधी?”

इथे मी कप उचलून धुवायला निघायचे. कारण आईच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता आणि ऑपरेशन माझ्यासाठी थांबलं होतं.

आई शाळेत शिक्षिका होती. पेपर पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचायची तिची पद्धत. भाव, निधन, नोकरीच्या जाहिराती, काही सोडायची नाही. अलीकडे मी गेले की ती मला बातम्या सांगायची आणि मधेच अडायची. “मोठी अक्षरं वाचते, खालचं अंदाजानं धरते,” म्हणायची. डॉक्टरांनी एकेक डोळा करू म्हणून कधीचं सांगितलं होतं. शेजारच्या काकींनी मी करते सगळं, असंही सांगितलं होतं. पण आईचं एकच. “तू निवांत येशील तेव्हा करू.” आणि मी निवांत कधी गेलेच नव्हते. दोन दिवस जायचे, ते लॅपटॉप घेऊन. नेट गच्चीवर टाकीजवळ बरं येतं म्हणून तिथे बसायचे. आई पायऱ्या पायाने चाचपत चहा घेऊन वर यायची आणि माझा फोन चालू असेल तर कठड्यावर कप ठेवून तशीच खाली जायची. पाच-सहा वेळा तरी ऑपरेशन असं पुढे गेलं असेल.

मग एक दिवस डॉक्टरांनी तिला सांगितलं की आता आणखी थांबू नका. ही गोष्ट तिने मला सांगितलीच नाही, शेजारच्या काकींनी सांगितली. मी मैत्रिणीला म्हटलं, “मला जावंच लागणार.” ती म्हणाली, “नीट दोन आठवडे जा. मी बघते.”

जायच्या आधी मी तिला घरचं शिकवायला बसवलं. ती हुशार आहे, पण दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात डबे शोधायला लावल्यासारखी तिची अवस्था झाली. मी प्रोग्रामच्या भागांना माझ्या मनात येतील ती नावं दिली होती.

“हे ‘नंतर बघू’ काय आहे?”

“ते महत्त्वाचं आहे. त्याला हात लावू नकोस.”

“आणि ‘नंतर बघू दोन’?”

“ते त्याहून महत्त्वाचं.”

तिने वही मिटली आणि म्हणाली, “जा तू. काही होत नाही.”

परभणीला गेले. आईच्या एका डोळ्याचं ऑपरेशन झालं. ती घरी आली, काळा चष्मा लावून दारातल्या खुर्चीत बसायला लागली. डोळ्यात ठरल्या वेळी थेंब टाकायचे, वाकू द्यायचं नाही, डोक्यावरून पाणी घ्यायचं नाही. मी थेंब टाकायला गेले की ती डोळा गच्च मिटून घ्यायची आणि वर मलाच ओरडायची की नीट टाक. आमचं बरं चाललं होतं.

फोन मात्र वाजत नव्हता. पहिल्या दिवशी मला हायसं वाटलं. दुसऱ्या दिवशी मी फोनचा आवाज तपासला. तिसऱ्या दिवशी आईच्या फोनवरून स्वतःला लावून बघितला, तर नीट वाजला. आई खुर्चीतून ऐकत होती.

“फोन बिघडला की काय गं तुझा?”

“नाही.”

“मग कुणी बोलवंना गेलंय का तुला?”

“नाही बोलवत कुणी.”

“बरं झालं,” ती म्हणाली. “पेपर वाच मग.”

मी पेपर वाचला. सगळा वाचला, निधनवार्ता आणि नोकरीच्या जाहिरातींसकट. आई मधेमधे सुधारणा करत होती, कारण मी वाचताना ‘ण’ला ‘न’ म्हणते असं तिचं मत आहे. इतका वेळ आम्ही दोघी एका जागी बसलो नव्हतो किती वर्षांत कोण जाणे. मला बरं वाटायला हवं होतं. पण मला वाईट वाटत होतं. माझ्यावाचून माणमध्ये सगळं सुरळीत चाललंय ही गोष्ट मला सहन होत नव्हती.

शेवटी मी गच्चीवर जाऊन लॅपटॉप उघडला. सगळी गिऱ्हाइकं जागच्या जागी होती. काकू नव्हत्या. त्यांच्या खोल्यांची वेबसाइट घरच्यावर नव्हतीच. ती उघडून बघितली तर नवेच फोटो, नवीच मांडणी, सगळं बाहेरच्यावर. मी तिथूनच मैत्रिणीला फोन लावला.

“काकूंचं काय केलंस?”

“हलवलं. त्यांचे सगळे फोटो गेले होते. मला सापडेनात.”

“गेले म्हणजे? जुनी प्रत असते. मला फोन करायचास ना!”

“तू आलीस की बोलू,” ती शांतपणे म्हणाली. “थेंब टाकलेस का?”

मी फोन आपटला. म्हणजे आपटण्यासारखा ठेवला, कारण हल्ली फोन आपटता येत नाही. मग रागारागाने मोबाइलवर त्याच दिवसाच्या गाड्या बघायला लागले. खाली आले तेव्हाही तेच बघत होते. आईला एका डोळ्याने आता चांगलं दिसायला लागलं होतं. मला वाटलं होतं त्याहून चांगलं.

“जायचंय का?” तिने विचारलं.

“नाही, नुसतं बघत होते.”

“जा. शेजारीण टाकील थेंब.”

ती रागाने म्हणाली नव्हती. रागाने म्हणाली असती तर मी भांडले असते आणि गेलेही असते. तिच्या आवाजात सवय होती. ती खुर्चीवरून उठली, भिंतीला हात लावत आत गेली आणि माझ्यासाठी वाटेत खायला म्हणून दशम्या कराव्यात की काय ते डबे उघडून बघायला लागली. त्या क्षणी मला स्वतःची लाज वाटली. मी मोबाइल बंद केला आणि म्हटलं की मी ठरल्या दिवशीच जाणार आहे. मी थांबले खरी, पण उरलेले सगळे दिवस माझं मन माणच्या जिन्यात घुटमळत होतं आणि आईला ते कळत होतं.

माणला परत आले ती वर ऑफिसात न जाता आधी काकूंकडेच गेले. मला त्यांच्याकडून ऐकायचं होतं. मनात थोडी आशाही होती की त्या म्हणतील, ताई, तुमचंच बरं होतं. काकू ओट्यावर तांदूळ निवडत होत्या. त्यांनी आधी आईची चौकशी केली, दिसायला लागलं का विचारलं, मग सुपातला एक खडा उचलून बाजूला टाकला.

“फोटो कसे गेले, काकू?”

“अवो गेले कुटले, मीच काढले. म्हंजे मला वाटलं काढले.”

“म्हणजे?”

“खोल्यांना नवा रंग दिला ना, म्हनलं नवं फोटू टाकावं. उघडलं तुमचं ते. परत्येक फोटूखाली लिवलेलं, फोटो काढा. मी मोबाइल धरला खोलीपुडं अन् दाबलं. लगीच म्हनतंय, फोटो काढला. म्हनलं, लई हुशार हाय, टिकटिक बी करंना.”

मी त्यांच्याशेजारी ओट्यावर बसले.

“मंग काय, समद्या खोल्या फिरले. पोरांना म्हनलं, कपडे उचला रं खाटंवरचे, फोटू काढायचाय. येक जन तर केस इंचरून दारात उभा ऱ्हायला. मी दाबलं, त्ये म्हनलं काढला. दाबलं, काढला. लई खूश झाले मी. संध्याकाळी येका पोराचा फोन आला, काकू, तुमच्या वेबसाइटवर येकबी फोटो न्हाई. म्हनलं, असं कसं, आजच काढल्यात की समदे!”

मी हसायला लागले ते मला थांबवता येईना. काकूही हसायला लागल्या, सूप मांडीवरून घसरलं, थोडे तांदूळ ओट्यावर सांडले. मी ‘काढा’ म्हणजे काढून टाका असं धरलं होतं आणि काकू दारोदार मोबाइल धरून फिरत होत्या. काकूंचं काहीच चुकलं नव्हतं. उभ्या महाराष्ट्रात कुणालाही ‘फोटो काढा’ म्हटलं तर तो काय करेल? ‘हसा’ म्हणत समोरच्यावर मोबाइल रोखेल. माझ्या मराठीने माझाच गळा धरला होता.

“मग मला का नाही फोन केला?” हसू ओसरल्यावर मी विचारलं.

“करत व्हते की. तुमच्या मैत्रिनीनी करू दिला न्हाई. म्हनल्या, तिच्या आईचा डोळा केलाय, तिला फोन करायचा न्हाई. मंग मी बी म्हनलं, ऱ्हाऊ द्या. खोल्या कुटं पळून चालल्यात?”

“आणि आता ते बाहेरचं जमतंय का तुम्हाला? ते सगळं मराठीत नाही.”

“जमतंय की. तितं डिलीट लिवलंय. डिलीट म्हंजे गेलं, त्ये आमच्या नातवाला बी ठाव हाय. तुमचं काढा म्हंजे काढा. आमी काय समजायचं?”

मी तांदूळ गोळा करून सुपात टाकले आणि वर गेले.

मैत्रीण खिडकीशी बसून काम करत होती. तिने माझ्याकडे बघितलं आणि आधी आईचंच विचारलं. मी सांगितलं. जिना चढताना मी भांडण तयार ठेवलं होतं, पण ते तिच्यासमोर निघेना.

“तू जुनी प्रत शोधलीस का?” मी विचारलं.

“शोधली. ‘नंतर बघू’ उघडलं, ‘नंतर बघू दोन’ उघडलं. ‘हे इथे नको’ नावाचं पण काहीतरी सापडलं.”

“त्यातच होती.”

“मला कसं कळणार?”

“म्हणून म्हणते, एक फोन केला असतास तर पाच मिनिटांचं काम होतं.”

“हो,” ती म्हणाली, “तुझ्या पाच मिनिटांचं. आणि मग तू गच्चीवर जाऊन बसली असतीस. आणि मग म्हटलं असतंस, आता उघडलंच आहे तर तेही बघते. मला तुझी आई दिसत होती गं डोळ्यासमोर, चहा घेऊन जिना चढणारी. तूच सांगितलं होतंस ना मला ते?”

सांगितलं होतं. गंमत म्हणून सांगितलं होतं.

“तुझं घरचं चांगलंच आहे,” ती पुढे म्हणाली. “मला असं लिहिता येणार नाही. पण ते तुला सोडत नाही. आणि तू त्याला सोडत नाहीस. आपण दोघीच आहोत, त्यातली एक कायम त्याच्यापाशी बांधलेली.”

यावर माझ्याकडे उत्तर होतं. खरं सांगायचं तर आजही आहे. ज्यांच्याकडे माणसं आहेत, एक गेलं तर दुसरं उभं राहील अशी सोय आहे, ज्यांचं काम तयार मिळणाऱ्यात खरंच बसत नाही, त्यांनी आपलं आपण जरूर लिहावं. मला कुणी विचारलं तर मी अजून तेच सांगते आणि थोडं जोरातच सांगते. पण त्या दिवशी मला कुणी सल्ला विचारत नव्हतं. मैत्रिणीने मला दोन आठवडे दिले होते आणि त्यातले निम्मे मी फोन का वाजत नाही हे बघण्यात घालवले होते. ते सगळं उत्तर मी गिळलं.

“बंद करू या,” मी म्हटलं.

तिला वाटलं मी रुसून म्हणतेय. तिने परत विचारलं. मी परत तेच म्हटलं. मग तिने उठून चहा टाकला आणि मी टेबलावर डोकं ठेवून रडले. मला त्याचं फार वाईट वाटत होतं. काहीतरी नीट, मनापासून केलेलं आपल्याच हाताने मोडायचं म्हणजे वाईट वाटणारच, आणि त्यात शहाणपणा आहे म्हणून ते कमी होत नाही. तिने कप माझ्या कोपराजवळ ठेवला आणि परत कामाला बसली.

एकेका गिऱ्हाइकाला हलवायला काही महिने गेले. रोपवाटिकावाल्यांनी कटकट केली. “मॅडम, माजं लावा कुटं गेलं?” म्हणून ते तीनदा येऊन गेले. बाहेरच्यात जिथे जिथे आपले शब्द घालता येतात तिथे आम्ही ‘लावा’ आणि ‘वरचं नाव’ घालून दिलं, तेव्हा ते गप्प झाले. डिलीटला आम्ही डिलीटच ठेवलं. लवासाच्या गृहस्थांना काही बदलल्याचं कळलंच नाही. खानावळवाल्या बाई पहिल्या दिवशी घाबरल्या आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी वांगं लावलं. काही बिघडलं तर आता मैत्रीणही बघते, आणि तिलाही नाही जमलं तर जगात कुणीतरी आधीच अडकून सुटलेलं असतं, त्याने लिहून ठेवलेलं असतं. माझा फोन दिवसच्या दिवस वाजत नाही. अजून सवय झालेली नाही. अधूनमधून मी तो उलटा करून बघते.

मधल्या काळात आईच्या दुसऱ्या डोळ्याची वेळ आली. डॉक्टरांनी तारीख दिली तशी तिने मला स्वतःहून फोन केला, पण बोलली दुसऱ्याच गोष्टींबद्दल. शेजारणीच्या सुनेबद्दल, पेपरात छापलेल्या एका शुद्धलेखनाच्या चुकीबद्दल. एका डोळ्याने का होईना, तिला आता खालची अक्षरं दिसत होती आणि छापणाऱ्यांची काही खैर नव्हती. तारीख मलाच विचारावी लागली. ती सांगून लगेच म्हणाली, “तुझं काम असंल तर पुढं ढकलू. मला काय घाई नाही.”

“काम नाही. मी येते, शुक्रवारी.”

“आणि जायचं कधी?”

हे ती नेहमीच विचारते. मी घरात पाऊल टाकायच्या आधी मी जाणार कधी ते तिला माहीत लागतं, म्हणजे त्या बेताने तिला सगळं आवरता येतं.

“परतीचं तिकीट काढलं नाही, आई.”

पलीकडे फोन खाली ठेवल्याचा आणि डब्याचं झाकण उघडल्याचा आवाज आला.

“आई?”

“हाय, हाय,” ती म्हणाली. “गहू किती दळून आणावा ते बघायलेय.”